आयलू

आमच्या घरात फोन वाजला की उचलायचा नसतो. एक रिंग होऊ द्यायची, ती आपोआप बंद पडते, मग ज्याने त्याने आपल्या कामाला लागायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. अंधेरीला कॉलेजात आल्यावर एका मैत्रिणीला रूमवर पोचल्याचं कळवायला मी एक रिंग दिली आणि कापली, तर तिने उलट फोन करून मलाच झापलं, की बॅलन्स नाही तर सरळ सांग ना.

त्या एका रिंगेला आम्ही 'आयलू' म्हणतो. आम्ही मनोरीचे कोळी. आमच्या बोलीत आयलू म्हणजे आलो. घरात मोबाइल आला तेव्हा मी शाळेत होते आणि बाबा होडीवर जायचे. खोल समुद्रात रेंज नसायची. परत येताना किनाऱ्यावरचा टॉवर लागला की ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढून आयला एक रिंग द्यायचे. बोलायला पैसे पडायचे, आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू तरी काय येणार. रिंग आली की आय शेजारणीला सांगायची, "आयलू आला," आणि पाट्या नि बर्फ घेऊन किनाऱ्यावर निघायची. पुढे आय बोरिवलीच्या बाजारातून, मी शाळेच्या सहलीवरून, जो कुणी कुठे पोचेल तो तिथून घरच्या फोनवर आयलू द्यायला लागला. नियम एकच. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. रिंग थांबलीच नाही, वाजतच राहिली, तर काहीतरी बिनसलंय, तेवढ्यापुरता फोन उचलायचा.

आणखी एक मी लहानपणीच पाहून ठेवलं होतं. बाबा रेंजबाहेर असले की आय नीट जेवायची नाही. मला वाढायची, स्वतः तव्याजवळ उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकायची. आयलू येऊन गेला की त्या दिवशी मांडी घालून बसायची आणि भाताचा ढीग घेऊन कालवणाबरोबर चाटूनपुसून जेवायची.

मी मोठी होऊन चेतापेशींवर काम करायला लागले याचा आणि आयलूचा काही संबंध नव्हता. मार्क बरे होते, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, जीवशास्त्र आवडत होतं, ओघाने तिकडे गेले. संबंध नंतर लागला, आणि लागला नसता तर बरं झालं असतं असं मला अजूनही अधूनमधून वाटतं.

अंधेरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत पाहुणे आले की हटकून एक वाक्य टाकतात, मेंदू हुकूम देतो आणि शरीर ऐकतं. मला ते वाक्य ऐकलं की चीड येते. हुकूम जातो, खरं आहे. पण उलट्या दिशेने काय येतं ते कुणी विचारत नाही. तुमच्या पायाचा अंगठा हलवणारी पेशी अंगठ्यात नसते, ती असते पाठीच्या कण्यात. तिथून तिचा एक तंतू निघतो, केसाहून कितीतरी बारीक, आणि मांडीतून, पोटरीतून थेट पावलापर्यंत जातो. पुस्तकात त्याला अक्षतंतू म्हणतात. त्याच्या टोकाला जे स्नायू असतात ते एक पदार्थ तयार करतात, अगदी थोडा. टोक तो पदार्थ पकडतं, एका बारीकशा पिशवीत घालतं, आणि ती पिशवी तंतूच्या आत असलेल्या रुळांवरून उलटी चालत, पाय टाकत टाकत, कण्यातल्या पेशीपर्यंत येते. पाय टाकणारं एक प्रथिन असतं, ते खरोखरच पावलं टाकतं, मी काही कविता करत नाही. पिशवी पोचली की पेशीला कळतं, दुसऱ्या टोकाला आपलं कुणी आहे, जगायला हवं. आणि पिशव्या यायच्या थांबल्या की पेशी हळूहळू स्वतःचं स्वतः आवरायला घेते. तिला मर म्हणून कुणी सांगत नाही. मरू नकोस म्हणून सांगणारं येईनासं होतं, एवढंच.

हे पाहायला आम्ही एक लहानशी डबी वापरतो. मधोमध भिंत, भिंतीच्या तळाला बारीक फटी. एका बाजूला उंदराच्या पिल्लाच्या पेशी ठेवायच्या. त्या फटींतून आपले तंतू पलीकडे धाडतात. मग तो जगवणारा पदार्थ फक्त पलीकडच्या बाजूला घालायचा. अलीकडे एक थेंबसुद्धा नाही, तरी अलीकडच्या पेशी टवटवीत राहतात. वाटेतली वाहतूक औषधाने थांबवली, तर पलीकडे पदार्थ भरपूर असूनही अलीकडच्या पेशी सुकतात. पिशव्यांना आम्ही चमकणारा रंग लावतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या फिल्मा घेतो. अंधारात हिरवे ठिपके सरकताना दिसतात. एखादा चालता चालता थांबतो, जरा मागे जातो, पुन्हा निघतो. कुठला थांबला, कुठला पोचला, हे बघत बसायचं, त्याचा मला पगार मिळतो. बाबांना पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली जाळ्याची गाठ आधी पुरी केली. मग त्यांनी विचारलं की उंदरांना खायला म्हावरं घालतात की नाही.

आयच्या हातातून कोयता पडला तो बाजारात, सुरमई कापताना. गेली तीस-पस्तीस वर्षं ती बोरिवलीला म्हावरं विकत होती आणि तिचा हात बघायला लोक उभे राहायचे. त्या दिवशी उजव्या हाताची पकड सुटली. तिने हसण्यावारी नेलं, वय झालं म्हणाली. मग पिशवीची गाठ मारता येईना. मग जीभ जड झाली. आयचा आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला ती जागेवरून बोलवायची. तो आवाज घोगरा, लडबडणारा व्हायला लागला. एकदा मी तिला आणायला गेले होते, तेव्हा तिचं एक जुनं गिऱ्हाईक मला बाजूला घेऊन हळूच म्हणालं, की राग मानू नका, पण तुमची आई अलीकडे घेते का. आमची आय, जिने होळीलाही कधी थेंब तोंडाला लावला नाही. मी त्या माणसाला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याचा दोष नव्हता, आणि माझा राग त्याच्यावर नव्हताच. आयची बोलणारी जीभ मी ऐकत होते आणि माझ्या मनात पाल केव्हाची चुकचुकत होती.

डॉक्टरांनी नाव सांगायच्या आधी मला ते ठाऊक होतं. स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात, असा तो आजार. त्याचं मूळ नेमकं कुठे आहे यावर अजून एकमत नाही. त्यात वाहतूक बिघडते हे मात्र पुष्कळांनी पाहिलंय, आम्हीही पाहत होतो. जगवणारे पदार्थ बाहेरून टोचून पाहिले गेलेत, माणसांना त्याचा उपयोग झाला नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं, त्यावर दुसऱ्यांसमोर भाषण दिलं होतं, पडद्यावर आलेख दाखवले होते. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आयच्या शेजारी बसले तेव्हा त्यातलं एक अक्षर माझ्या कामाला आलं नाही. मला फक्त तिला घरी न्यायचं होतं.

तिला मी लगेच काही सांगितलं नाही. पण आय काही दूधखुळी नव्हती. पुढच्या रविवारी आम्ही तिघं ओट्यावर बसलो असताना तिनेच विषय काढला. तू दिवसभर त्या उंदरांच्या नसा बघतेस, मग माझ्या नसांचं काय झालंय ते सांग, असं ती म्हणाली. तेव्हा तिचं बोलणं सावकाश ऐकलं तर कळायचं. मी पेशी, तंतू, प्रथिन असं काहीतरी सुरू केलं आणि तिचा चेहरा पाहून थांबले. मग मला दुसरे शब्दच सुचेनात, म्हणून मी आमचा शब्द वापरला. म्हटलं, नसेचं घर असतं कण्यात आणि नस जाते पार हातापायापर्यंत. तिकडून घराकडे सारखा आयलू येत असतो. तो येतो तोवर घर जगतं.

आय बाबांकडे बघून मान हलवत राहिली, तिला ते फारच लवकर कळलं. मग म्हणाली, "म्हंजे माझा आयलू वाटंत अडकलाय."

मी म्हटलं, तसंच काहीसं, पण नक्की कुणालाच माहीत नाही.

"तुना काढता येल काय गो बाय?"

इतका सरळ प्रश्न मला कुठल्याच परीक्षेत कुणी विचारला नव्हता. बाबा जाळ्याची दोरी हातात धरून माझ्याकडे बघत होते. शेजारणी, नातेवाईक, सगळ्यांना वाटत होतं की पोरगी त्याच विषयातली आहे, म्हणजे काहीतरी करेलच. मलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायचं. पण आयला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं आणि तिला ते चाललंही नसतं.

"नाय गो आय. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

खाडीवरून फेरीबोटीचा भोंगा आला. मग तिने डाव्या हाताने, त्याच्यात अजून जोर होता, माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"बरं. मग तू तुझा देत रव."

तेव्हापासून मी एकही दिवस चुकवला नाही. मनोरीहून अंधेरीला रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. शनिवारी घरी जायचं आणि सोमवारी सकाळी फेरीने मार्व्याला उतरून, बस आणि रिक्षा करत कामावर पोचायचं. बाकीच्या दिवशी संध्याकाळी रूमवर आले की चप्पल काढायच्या आधी आयच्या फोनवर एक रिंग. फोन तिने खिडकीच्या फळीवर ठेवायला लावला होता, खाटेवरून दिसेल असा. व्हॉट्सअॅपवर निरोप टाकत जा असं नात्यातल्या एका भावजयीने सुचवलं होतं, त्यावर आयने तोंड वाकडं केलं. त्याला वाजायला येत नाही, असं तिचं म्हणणं.

हात गेले, मग पाय गेले. बाबांना एकट्याने उचलवेना म्हणून आम्ही दिवसा एक ताई ठेवल्या. त्या मूळच्या बुलढाण्याकडच्या, राहायला खाडीपलीकडच्या मालवणीत, कामाला चोख. त्यांना सगळं समजावलं, औषधं, कूस बदलणं, पातळ पेज कशी भरवायची. आयलूचं सांगायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जे घरात सगळ्यांना ठाऊक असतं ते सांगावं लागतं हे विसरायला होतं.

पहिल्याच आठवड्यात मी रूमवर येऊन रिंग दिली, आणि ती कापायच्या आत पलीकडून अनोळखी बाईचा आवाज आला, "हॅलो?" आमच्या घरात फोन उचलला गेला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बोट सवयीने लाल बटणावर पडलं होतं, फोन कापला गेला. परत लावायची हिंमत होईना. तशीच रिक्षात बसले, मार्व्याला पोचले, फेरीत उभ्याने खाडी ओलांडली. सोबतच्या बायका काय झालं विचारत होत्या आणि मी मनोरीच्या धक्क्याकडे बघत होते. घरी शिरले तर आय खाटेवर उशीला टेकून, ताई तिला पेज भरवताहेत आणि बाबा टीव्ही बघताहेत.

प्रकार काय झाला ते कळल्यावर ताई बिचाऱ्या ओशाळल्या. फोन वाजला तर उचलू नको काय, असं त्यांनी विचारलं. आय मात्र हसत सुटली. आवाज निघत नव्हता, पेज हनुवटीवर ओघळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतच होती. त्या आजारात हसू आवरत नाही, हे मला पुस्तकातून माहीत आहे. पण ते हसू तिचं होतं. मी तिचं तोंड पुसलं आणि तिच्यावरच खेकसले, की माझा जीव गेला असता. तिला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढे घास गिळेनासा झाला. डॉक्टरांनी पोटात नळी घालण्याचं सुचवलं आणि श्वासाच्या मशीनचंही सांगितलं. आय तोवर फक्त पापण्यांनी बोलायची. एकदा मिटल्या म्हणजे हो, मिटून धरल्या म्हणजे नाही. नळीला तिने हो म्हटलं. मशीनला तिने डोळे मिटून धरले, आणि मी तीनतीनदा विचारलं तरी उघडले नाहीत. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मला ती हवी होती, कशीही, मशीनला लावून, कितीही दिवस. हे स्वार्थी होतं हे मला तेव्हाही कळत होतं. ताई सांगायच्या, संध्याकाळ झाली की आयचे डोळे फळीवर लागतात. रिंग आली की एकदा मिटतात. मग ती झोपते.

फोन आला तेव्हा दुपार होती. मी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकासमोर बसले होते. पडद्यावर ठिपके सरकत होते. फोन टेबलावर उजळला, त्यावर 'आय' असं आलं. आय फोन करू शकत नव्हती, तिचं बोटही हलत नव्हतं. म्हणजे बाबा. एक रिंग झाली. ती थांबेल म्हणून मी वाट बघत राहिले. दुसरी झाली. मग तो वाजतच राहिला. मी न उचलता त्याच्याकडे बघत बसले, कारण उचलेपर्यंत मला काही कळलेलं नव्हतं, आणि मला न कळता आणखी थोडा वेळ राहायचं होतं.

शेवटी उचलला. बाबा म्हणाले, "आय गेली गो बाय."

दिवस वगैरे सगळं झालं. लोक आले, लोक गेले. ती सुटली असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा मला राग आला. ती सुटली असेल, मी अडकले होते. मग कामावर जावं लागलं. पहिल्या संध्याकाळी रूमचं दार उघडलं आणि चप्पल काढायच्या आधी हात आपोआप फोनकडे गेला. नंबर समोर आला, आणि मग लक्षात आलं, कुणाला द्यायचा आता? फोन पर्समध्ये टाकला आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. दुसऱ्या दिवसापासून हात त्या बाजूला न्यायचाच नाही असं ठरवलं. बाबांचा स्वतःचा फोन होता, त्यावर मी दोन-चार दिवसांनी बोलायचे. जेवलात का, जेवलो. बरं आहे का, बरं आहे. फोनवर बोलायची त्यांना सवयच नाही, माणूस जन्मभर एक रिंग देत आलेला.

शनिवारी घरी जायचे तर दर खेपेला ते थोडे आणखी वाळलेले दिसायचे. शेजारची काकी म्हणाली, डबा पाठवते तो तसाच परत येतो. उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकतात. मी डॉक्टर गाठले, रक्त तपासून घेतलं, सगळं ठीक निघालं. बायको गेलेल्या म्हाताऱ्याचं असं होतंच, असं डॉक्टर म्हणाले. मीही तेच धरून चालले. दिवसभर तेच बघणारी मी, पण मला काही कळलं नाही.

एका रविवारी आयची खाट हलवायला घेतली. खिडकीच्या फळीवर तिचा फोन तसाच होता. धूळ बसली असेल म्हणून उचलला, तर तो गरम लागला. चार्जरला लावलेला होता. पूर्ण भरलेला. मी बाबांना विचारलं की हा अजून चालू कसा. ते ओट्यावर होते, त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की रोज सकाळी लावतो, आणि मागल्या महिन्यात मार्व्याला जाऊन रिचार्ज मारून आणला. मी म्हटलं, कशाला पण?

"बंद ठेवला तं वाजल कसा?"

मी फोन परत फळीवर ठेवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू पोचलीस का नाय, मना कसा कलायचा?"

आयला बरं वाटावं म्हणून मी इतके दिवस रिंग देत होते. त्या एकाच खोलीत, त्याच फळीकडे बघत आणखी एक माणूस बसलेला असायचा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबा देणारे होते ना. घेणारे पण तेच झालेत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सोमवारी कामावरून रूमवर आले. दार उघडलं. चप्पल काढायच्या आधी फोन काढला, 'आय' नावावर बोट ठेवलं. एक रिंग झाली आणि मी कापली. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायले, दिवा लावला.

आमच्यात आयलूला उलट आयलू द्यायची पद्धत नाही. तो आला की आला. पण मी गॅसवर कुकर चढवत होते तेव्हा मागे टेबलावर फोन वाजला. वळून बघितलं तर पडद्यावर 'आय' असं नाव होतं. एक रिंग वाजली आणि थांबली.

मी उचलला नाही. आमच्यात उचलत नाहीत.